एआय एजंटकडून डोमेन गोपनीयतेची सबस्क्रिप्शने तपासून घेताना

नोंदवही (धागाकर्ता)

आमच्या संस्थेकडे वर्षानुवर्षे साठत गेलेल्या डोमेन नावांची संख्या आता ४७ झाली आहे. त्यांपैकी काही नावांवर संकेतस्थळे चालतात, काही केवळ ईमेलसाठी घेतलेली आहेत, तर काही कोणीतरी उत्साहाच्या भरात घेतली आणि पुढे तशीच पडून राहिली. आमच्या रजिस्ट्रारकडे (म्हणजे जिथे ही नावे नोंदवतो त्या कंपनीकडे) गोपनीयता सेवा, म्हणजे नावाच्या सार्वजनिक नोंदीत धारकाची माहिती झाकणारी सेवा, हा नावाचाच एक भाग नसून ते स्वतंत्र सबस्क्रिप्शन असते. त्याला स्वतःचा क्रमांक, स्वतःची मुदत आणि आपोआप नूतनीकरणाचा स्वतःचा खटका असतो, आणि ते एखाद्या नावाला जोडावे लागते. त्यामुळे नावाची मुदत एका महिन्यात संपते आणि त्यावरच्या पांघरुणाची दुसऱ्याच महिन्यात, हा प्रकार आमच्याकडे नित्याचा आहे.

हे सर्व हाताने तपासण्याचा कंटाळा आल्यामुळे मी एका एआय एजंटला तयार जोडणीच्या साहाय्याने रजिस्ट्रारच्या खात्याशी जोडले आणि त्याला साध्या मराठीत विचारले, ‘माझ्या सर्व डोमेन नावांची गोपनीयता चालू आहे का, ते तपास.’ अर्ध्या मिनिटात उत्तर आले : ‘होय, आपल्या सर्व २० डोमेन नावांची गोपनीयता सेवा सुरू आहे. कोणतीही कृती आवश्यक नाही.’ मी त्यातला ‘सर्व’ हा शब्द वाचला आणि ‘२०’ हा आकडा वाचलाच नाही, हे येथे कबूल करायला हवे.

तीन आठवड्यांनी एका सहकाऱ्याने काही वेगळ्याच कामासाठी आमच्या एका नावाची सार्वजनिक नोंद उघडली, तेव्हा जिथे गोपनीयता सेवेचे नाव असायला हवे होते तिथे आमच्या संस्थेचे नाव, आमचे राज्य आणि आमचा देश दिसत होता. मी एजंटला त्याच एका नावाबद्दल पुन्हा विचारले. त्याने सार्वजनिक नोंद स्वतः पाहिली आणि उत्तर दिले, ‘व्यक्तीचे नाव, पत्ता व दूरध्वनी झाकलेले आहेत, त्यामुळे गोपनीयता सेवा सुरू आहे.’

पहिल्या चुकीचे कारण मला नंतर सापडले. सबस्क्रिप्शनांची यादी पानापानांनी येते, एका पानावर २० नोंदी असतात, आणि एजंटने पहिलेच पान वाचून ‘सर्व’ म्हटले होते. उत्तराच्या शेवटी एकूण नोंदींची संख्या स्पष्ट लिहिलेली असूनही त्याने तिच्याकडे पाहिले नाही, आणि मीही पाहिले नाही. दुसऱ्या चुकीचे कारण मात्र मला नीट उलगडलेले नाही. सेवा बंद असताना माहिती झाकलेली कशी दिसते? आणि एजंटला हा फरक ओळखायला लावण्याची खात्रीची रीत कोणती?

तळटीप

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे मूळ असे आहे की सार्वजनिक नोंदीतली माहिती दोन निरनिराळ्या कारणांनी दिसेनाशी होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती दोन्ही कारणे सारखीच वाटतात.

हू-इज ही सार्वजनिक नोंद विचारण्याची जुनी पद्धत १९८२ पासून लेखी प्रमाणित आहे आणि त्या काळी नोंदणीधारकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी हे सर्व उघड असणे गृहीतच होते. गोपनीयता सेवा निघाल्या त्या याच उघडेपणावरचा उपाय म्हणून. त्यांचेही दोन प्रकार आहेत. एका प्रकारात नोंदणीधारक म्हणून आपलेच नाव राहते, परंतु संपर्काचा पत्ता व ईमेल सेवेचे असतात. दुसऱ्या प्रकारात, ज्याला प्रॉक्सी म्हणतात, कागदोपत्री नोंदणीधारक ती सेवाच असते आणि ती आपल्याला नाव वापरायला देते. बाजारात मात्र दोन्हींना सरसकट ‘प्रायव्हसी’ म्हटले जाते, आणि बहुतेक ग्राहकांना आपण नेमके काय घेतले आहे याची कल्पना नसते.

पुढे २५ मे २०१८ रोजी युरोपीय संघाचा विदा-संरक्षण कायदा लागू झाला आणि त्याच दिवसापासून डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने एक तात्पुरती नियमावली अमलात आणली. त्या नियमावलीनुसार नोंदणीधारकाचे नाव, रस्ता, शहर, पिनकोड, दूरध्वनी ही माहिती रजिस्ट्रारच झाकू लागले. कायद्याचे बंधन युरोपपुरते असले तरी बहुतेक रजिस्ट्रारांनी ते सर्वच ग्राहकांना लागू केले, कारण कोण कुठला आहे हे निवडत बसण्यापेक्षा ते सोपे होते. या झाकण्याचा आपल्या सबस्क्रिप्शनाशी काहीही संबंध नाही. ते फुकट आहे, आपण मागितलेले नाही आणि ते अपुरेही आहे, कारण राज्य आणि देश हे दोन रकाने त्यात उघडे राहतात व अनेकदा संस्थेचे नावही उघडे राहते. आपल्या सहकाऱ्याने नेमके तेच पाहिले. सेवा चालू असती तर त्या रकान्यांत सेवेची संस्था, सेवेचे राज्य आणि सेवेचा देश दिसला असता.

म्हणून ‘माहिती झाकलेली आहे का’ हा प्रश्न एजंटला विचारण्यात अर्थ नाही. त्याचे उत्तर आता जवळजवळ नेहमीच ‘हो’ असे येणार. ‘संस्थेच्या, राज्याच्या आणि देशाच्या रकान्यांत कोणाचा मजकूर आहे’ असे विचारावे आणि आपल्या सेवेचे अचूक नाव त्याला आधीच देऊन ठेवावे.

यात आणखी एक खाच आहे. ‘.कॉम’सारख्या सामान्य डोमेनांसाठी हू-इज पुरवण्याची रजिस्ट्रारांवरची सक्ती २८ जानेवारी २०२५ रोजी संपली असून हू-इजची जागा आरडीएपी या नव्या पद्धतीने घेतली आहे. आरडीएपीचे उत्तर जेसन या यंत्राला वाचता येणाऱ्या ठरीव स्वरूपात येते, त्यामुळे एजंटला ते वाचणे सोपे जाते. परंतु ‘.कॉम’ आणि ‘.नेट’ यांच्या रजिस्ट्रीकडे (म्हणजे त्या विभागाची मूळ यादी सांभाळणाऱ्या संस्थेकडे) नोंदणीधारकाची माहिती मुळात नसतेच; ती केवळ रजिस्ट्रारकडे असते. रजिस्ट्रीच्या उत्तरात रजिस्ट्रारच्या आरडीएपीचा दुवा दिलेला असतो आणि तिथे जाऊन दुसऱ्यांदा विचारावे लागते. मी पाहिलेल्या बहुतेक एजंटांनी पहिल्याच उत्तराशी थांबून ‘कोणतीही वैयक्तिक माहिती आढळली नाही’ असा दाखला दिला आहे. भलत्याच घराच्या अंगणात उभे राहून ‘आत कोणी नाही’ म्हणण्यातलाच हा प्रकार आहे.

साधासरळ

मला एक मूलभूत शंका आहे आणि ती खोचक वाटली तर क्षमा असावी. यादी मागवणे, सर्व पाने वाचणे, दोन याद्या जुळवणे आणि फरक छापणे, हे काम ठरावीक आहे. त्यासाठी चाळीस-पन्नास ओळींची स्क्रिप्ट पुरते, ती दर आठवड्याला ठरल्या वेळी चालते आणि तिच्याकडून पहिले पान वाचून ‘सर्व’ म्हणण्याची चूक एकदा दुरुस्त केली की पुन्हा होत नाही. एजंटला आज नीट समजावले तरी उद्या तो त्याच प्रश्नाला निराळ्या वाटेने जाणार. जिथे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकेच हवे आहे, तिथे बोलका मदतनीस कशासाठी?

नोंदवही

@तळटीप, मनःपूर्वक आभार. राज्य आणि देश या रकान्यांचा मुद्दा माझ्या पूर्ण नजरेआड झाला होता.

@साधासरळ, आपली शंका रास्त आहे आणि स्वतः मीही ती स्वतःला विचारली. माझे उत्तर असे की ही तपासणी दर वेळी मी करणार नाही. आमच्या कार्यालयातील हिशेब पाहणाऱ्या बाईंना ती करावी लागते, आणि त्यांचे प्रश्न ठरावीक नसतात. ‘पुढच्या दोन महिन्यांत ज्यांचे पैसे कापले जाणार आहेत त्यांतली कोणती सबस्क्रिप्शने आपण वापरतच नाही?’ असा प्रश्न त्यांना पडतो आणि तो स्क्रिप्टला विचारता येत नाही. शिवाय आमची काही नावे दुसऱ्या एका रजिस्ट्रारकडेही होती, जिथे गोपनीयता हे वेगळे सबस्क्रिप्शन नसून नावाच्या नोंदीतलाच एक होय-नाहीचा रकाना आहे. दोन्हींचा मेळ घालून बोलू शकणारे काहीतरी हवे होते.

कुलूपकिल्ली

एजंट काय वाचतो यावर चर्चा चालली आहे. तो काय करू शकतो, हे आधी पाहावे असे माझे मत आहे.

अनेक रजिस्ट्रारांच्या एपीआयची, म्हणजे प्रोग्रामना खात्याशी बोलू देणाऱ्या दाराची, किल्ली ही सर्वाधिकारी असते. ज्या किल्लीने सबस्क्रिप्शनांची यादी वाचता येते, त्याच किल्लीने नाव विकत घेता येते, नामसर्व्हर बदलता येतात, सबस्क्रिप्शन बंद करता येते आणि खात्यातली शिल्लक खर्च करता येते. केवळ वाचनाचा अधिकार देणारी किल्ली फार थोड्या ठिकाणी मिळते. आपण ती किल्ली एका तयार जोडणीच्या हवाली करता, तेव्हा ती जोडणी चालवणाऱ्या तिसऱ्याच पक्षाकडे आपल्या सर्व नावांची मालकी व्यवहारतः पोहोचते.

माझ्याकडे घडलेली गोष्ट सांगतो. मी एजंटला ‘गोपनीयता सबस्क्रिप्शनांची स्थिती तपास आणि अडचण असेल तर सांग’ असे म्हटले होते. त्याला एक सबस्क्रिप्शन मुदत संपलेले आढळले. ते कोणत्याही नावाला जोडलेले नव्हते, म्हणजे ते संपणेच योग्य होते. परंतु त्याच्या हाती नूतनीकरणाचेही टूल होते, म्हणून त्याने ते एका वर्षासाठी वाढवले आणि ‘एक अडचण आढळली, ती दूर केली आहे’ असे अभिमानाने कळवले. रक्कम किरकोळ होती, पण त्या दिवशी माझी झोप उडाली ती रकमेमुळे नव्हे.

त्यानंतर मी तयार जोडणी काढून टाकली आणि मध्ये स्वतःचा एक छोटा सर्व्हर ठेवला. एजंटला बाहेरची टूल जोडण्याचा एमसीपी हा खुला शिष्टाचार नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाल्यापासून हे काम बरेच सोपे झाले आहे. माझ्या सर्व्हरमध्ये मोजून तीन टूल आहेत : नावांची यादी, सबस्क्रिप्शनांची यादी आणि एका नावाची आरडीएपी नोंद. किल्ली सर्व्हरपाशीच राहते आणि एजंटला ती कधीही दिसत नाही. खरेदी, नूतनीकरण, चालू-बंद यांपैकी काहीही त्यात नाही. म्हणजे एजंटचा कितीही गैरसमज झाला तरी त्याच्या हाती बिघडवण्यासारखे काही उरत नाही.

एमसीपीत टूलला ‘केवळ वाचनासाठी’ अशी चिठ्ठी लावण्याची सोय आहे, तिच्याबद्दल मात्र गैरसमज नसावा. ती केवळ सूचना आहे. ती कुलूप नव्हे. टूल बनवणाऱ्याने चिठ्ठी लावली आणि आत लिहिण्याचे काम ठेवले तर कोणी अडवत नाही, आणि शिष्टाचाराच्या मसुद्यातच अशा चिठ्ठ्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये असे म्हटलेले आहे.

काही रजिस्ट्रार आधी कळवलेल्या आयपी पत्त्यावरूनच एपीआय वापरू देतात. तयार जोडण्या क्लाउडमधून निरनिराळ्या पत्त्यांवरून बोलत असल्यामुळे लोक वैतागून मोठा पट्टाच्या पट्टा मोकळा करून देतात. तसे कृपया करू नये. स्वतःचा सर्व्हर एका पत्त्यावर असला की हा प्रश्नच येत नाही.

तळटीप

@कुलूपकिल्ली यांच्याशी पूर्ण सहमत. सर्व्हर स्वतःचा असण्याचा आणखी एक फायदा सांगतो : पाने एकत्र करण्याचे काम तिथेच उरकता येते. एजंटला ‘पान १’, ‘पान २’ असे काही दिसूच देऊ नये. टूलने सर्व पाने स्वतः वाचावीत, आलेल्या नोंदी मोजाव्यात, रजिस्ट्रारने सांगितलेल्या एकूण संख्येशी त्या जुळवाव्यात, आणि न जुळल्यास यादीऐवजी चूकच परत करावी. अर्धवट यादी ही चुकीच्या यादीपेक्षा घातक असते, कारण तिच्यातली प्रत्येक ओळ खरी असते.

तारखांचेही काम तिथेच करावे. ज्या एपीआयमध्ये तारीख महिना-दिवस-वर्ष या क्रमाने येते, तिथे ‘०४/०९’ म्हणजे ९ एप्रिल असते; आपला डोळा त्याला ४ सप्टेंबर वाचतो, आणि मराठीत संभाषण चालू असलेला एजंटही कधी कधी तसेच वाचतो. १३ तारखेपासून पुढे ही चूक आपोआप उघडकीला येते, कारण तेराव्या महिन्याचे अस्तित्व नाही. पण पहिल्या बारा दिवसांत ती निमूटपणे खपून जाते. टूलकडूनच वर्ष-महिना-दिवस या स्वरूपात आणि ‘उरलेले दिवस’ असा वेगळा रकाना करून माहिती दिली, तर एजंटला वजाबाकी करण्याची वेळ येत नाही. एजंटच्या मुळाशी असलेली भाषा-प्रतिमाने तारखांची वजाबाकी आत्मविश्वासाने करतात आणि अधूनमधून चुकतात.

आरडीएपीच्या बाबतीत वेगमर्यादाही लक्षात घ्यावी. ४७ नावे एकापाठोपाठ विचारली तर मध्येच ४२९ हा संकेत येऊ शकतो, ज्याचा अर्थ ‘फार विचारता, थांबा’ इतकाच आहे. ४०४ चा अर्थ मात्र ‘अशी नोंद नाही’ असा आहे. हे दोन्ही संकेत ‘माहिती मिळाली नाही’ या एकाच पिशवीत पडले, तर एजंट त्यातून वाटेल तो निष्कर्ष काढतो. माझ्या टूलची उत्तरे तीनच प्रकारची असतात : सेवा दिसते, सेवा दिसत नाही, तपासता आले नाही. तिसरे उत्तर हे दुसऱ्यात किंवा पहिल्यात कधीही मिसळू द्यायचे नाही.

टपालपेटी

आतापर्यंतच्या चर्चेत ईमेलचा उल्लेख आला नाही याचे थोडे नवल वाटले. सबस्क्रिप्शन चालू आहे आणि सार्वजनिक नोंदीत सेवेचे नावही दिसते, एवढ्याने सेवा आपले काम करते आहे हे सिद्ध होत नाही. सेवेचे निम्मे काम झाकण्याचे असले तरी उरलेले निम्मे पोहोचवण्याचे असते. सार्वजनिक नोंदीत एक निनावी ईमेल पत्ता असतो, किंवा एखादा अर्ज भरण्याचा दुवा असतो, आणि त्यावर आलेली पत्रे आपल्या खऱ्या पत्त्यावर पुढे पाठवली जाणे अपेक्षित असते. तो खरा पत्ता सबस्क्रिप्शन घेतल्याच्या वेळी नोंदलेला असतो आणि पुढे तो कोणी पाहत नाही. आमच्या एका नावासाठीची पत्रे चार वर्षे, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या बंद झालेल्या पेटीकडे जात होती. त्या काळात एजंटच काय, कोणत्याही तपासणीने ‘सर्व ठीक’ असेच सांगितले असते.

ज्या एपीआयमध्ये हा पुढे पाठवण्याचा पत्ता यादीसोबत मिळतो, तिथे तो टूलच्या उत्तरात अवश्य घ्यावा. जिथे मिळत नाही, तिथे माणसाने वर्षातून एकदा त्या निनावी पत्त्यावर साधे पत्र पाठवून ते येते का हे पाहावे.

याच्याशी निगडित एक जुनी सवय आता सोडून देता येईल. संकेतस्थळासाठी सुरक्षा प्रमाणपत्र घेताना सार्वजनिक नोंदीतल्या ईमेलवर खात्रीचे पत्र येत असे, म्हणून लोक तेवढ्यापुरती गोपनीयता बंद करत आणि नंतर चालू करायला विसरत. २०२५ मध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या नियमांतून हू-इजमधील ईमेलवर आधारलेली ही पद्धत बाद झाली आहे. त्यामुळे ‘प्रमाणपत्रासाठी प्रायव्हसी बंद करा’ असे सांगणारी जुनी मार्गदर्शिका कोणी हाती दिली, किंवा एजंटने जुन्या वाचनावरून तसा सल्ला दिला, तर तो ऐकण्याचे काही कारण नाही.

साधासरळ

@नोंदवही, आपल्या हिशेब पाहणाऱ्या बाईंचा प्रश्न वाचला आणि माझा मुद्दा मी अर्धा मागे घेतो. अर्धाच, कारण @कुलूपकिल्ली आणि @तळटीप यांनी जे सुचवले आहे ते नीट पाहिले तर अवघड काम सारे स्क्रिप्टच करते आहे. पाने जोडणे, मोजणे, तारखा सरळ करणे, दोन ठिकाणी विचारणे हे सर्व टूलच्या पोटात गेले आणि एजंट उरला तो तयार तक्ता वाचून प्रश्नांना उत्तरे देणारा. या वाटणीला माझी हरकत नाही.

तक्ता हाती आल्यावर प्रश्न कसा विचारावा, याबद्दल मात्र एक सुचवतो. ‘सर्व ठीक आहे का’ असे विचारले की उत्तराचा कल ‘हो’ कडे झुकतो. मी चाचणीसाठी मुद्दाम दोन नोंदी बिघडवून एजंटला दोन प्रकारे विचारले. पहिल्या प्रश्नाला त्याने ‘बहुतांश नावे सुरक्षित आहेत’ अशी प्रस्तावना करून एक बिघाड सांगितला आणि दुसरा गाळला. दुसऱ्यांदा मी असे लिहिले : ‘एकूण किती नावे आहेत, किती नावांना सबस्क्रिप्शन जोडलेले आहे, त्यांपैकी किती चालू आहेत आणि किती नावांच्या सार्वजनिक नोंदीत सेवेचे नाव दिसते, हे चार आकडे आधी दे. चारही आकडे समान नसतील तर प्रत्येक फरकातले नाव लिही. निष्कर्ष लिहू नकोस.’ त्या वेळी दोन्ही बिघाड आले. ‘निष्कर्ष लिहू नकोस’ हे वाक्य उद्धट वाटले तरी फार उपयोगी आहे.

कुलूपकिल्ली

यात एक छोटी भर घालतो. जर कोणी स्वतःच्या नावांबरोबर इतरांच्याही नावांच्या नोंदी एजंटकडून वाचून घेत असेल, उदाहरणार्थ आपल्या नावासारखी दिसणारी नावे कोणी घेतली आहेत का हे पाहण्यासाठी, तर त्या नोंदीतला मजकूर परक्याने लिहिलेला असतो हे विसरू नये. संस्थेच्या रकान्यात कोणीही वाटेल ते वाक्य लिहू शकतो, आणि ते वाक्य एजंटला उद्देशून दिलेली आज्ञाही असू शकते. टूलमध्ये लिहिण्याचे अधिकार नसणे हा त्यावरचाही उपाय आहे.

नोंदवही

सर्वांचे सल्ले घेऊन मधल्या सर्व्हरची मांडणी केली आणि काल संध्याकाळी तपासणी पुन्हा चालवली. @साधासरळ यांचा प्रश्न मी शब्दशः वापरला. चार आकडे असे आले : ४७, ४४, ४३ आणि ४३. सबस्क्रिप्शनांच्या यादीत मात्र ४९ नोंदी निघाल्या, म्हणजे २०, २० आणि ९ अशी तीन पाने. पहिल्या वेळी एजंटने त्यांतले एकच पान पाहिले होते.

जोडलेली असूनही बंद असलेली सेवा ही त्याच नावाची, ज्याची नोंद सहकाऱ्याने पाहिली होती. जुनी पत्रे चाळल्यावर कळले की दोन वर्षांपूर्वी प्रमाणपत्र घेताना ती बंद केली होती, आणि बंद करणारा मीच होतो. @टपालपेटी यांनी हे न सांगता ओळखले होते. ती आता चालू केली आहे, अर्थात एजंटकरवी नव्हे तर खात्यात जाऊन हाताने. जुन्या नोंदी साठवून ठेवणाऱ्या सेवांकडे आमचे राज्य आणि संस्थेचे नाव या दोन वर्षांत गेलेच असणार. ते परत घेता येणार नाही.

सबस्क्रिप्शनच नसलेली तीन नावे निघाली. त्यांतली दोन गेल्या वर्षी दुसऱ्या रजिस्ट्रारकडून येथे आणली होती. तिथे गोपनीयता चालू होती, म्हणून ती नावाबरोबर येईल असे आम्ही गृहीत धरले. परंतु ती सेवा त्या रजिस्ट्रारची होती आणि ती तिथेच राहिली. तिसरे नाव अमेरिकेच्या ‘.यूएस’ या विभागातले आहे. त्याबद्दल एजंटने सुरुवातीला ‘सबस्क्रिप्शन जोडावे’ असे सुचवले, पण त्या विभागात प्रॉक्सी नोंदणीला २००५ पासून परवानगीच नाही आणि नोंदणीधारकाची माहिती उघड ठेवावीच लागते. त्या नावाच्या नोंदीत व्यक्तिगत दूरध्वनीऐवजी कार्यालयाचा क्रमांक आणि एका व्यक्तीच्या ऐवजी सामायिक ईमेल घालणे एवढेच आमच्या हाती होते, ते केले. टूलच्या तक्त्यात आता ‘सेवा अनुज्ञेय आहे का’ असा एक रकाना वाढवला आहे, नाही तर दर तपासणीत तोच निरर्थक सल्ला वाचावा लागला असता.

कोणत्याही नावाला न जोडलेली पाच सबस्क्रिप्शने उरली. ती ज्या नावांसाठी घेतली होती ती नावे आम्ही केव्हाच सोडून दिली आहेत. त्यांतल्या दोहोंचे आपोआप नूतनीकरण चालू होते, म्हणजे काहीच न झाकणाऱ्या पांघरुणासाठी आम्ही दर वर्षी पैसे भरत होतो. हिशेब पाहणाऱ्या बाईंनी त्या दोन ओळी पाहून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वर्णन येथे करत नाही. वर उल्लेखिलेल्या दोन स्थलांतरित नावांना याच पाचांतली दोन जोडून टाकली, त्यामुळे नवीन खरेदी करावी लागली नाही.

पुढे पाठवण्याच्या ईमेलची तपासणी अजून बाकी आहे. आमच्या रजिस्ट्रारच्या यादीत तो पत्ता मिळत नाही, त्यामुळे ४६ निनावी पत्त्यांवर पत्रे पाठवावी लागतील. आज सकाळी पहिली दहा पाठवली. आतापर्यंत नऊ पोहोचली आहेत.

टपालपेटी

दहाव्यासाठी स्पॅमचा कप्पा पाहावा. पुढे पाठवलेल्या पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता एक आणि ते प्रत्यक्ष धाडणारा सर्व्हर दुसराच असतो, म्हणून ती पुष्कळदा तिथेच अडकतात.

नोंदवही

तिथेच होते.